क्लिक आणि कमांड : लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याविषयीचा मजकूर या सदरात आल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या रूपांत विचारलेली दिसते : माउसने चालणारा डेस्कटॉप आणि अक्षरे टंकून चालणारे टर्मिनल यांचे परस्परांशी नाते नेमके काय? या वेळचे सदर त्यामुळे त्या एकाच विषयाला दिले आहे. कमांडची नावे येथे देवनागरीत छापली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : माझ्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार बसवून दिला. तो सगळी कामे काळ्या खिडकीत कमांड लिहून करतो, मी तीच कामे माउसने करतो. त्याचे म्हणणे असे, की मी क्लिक करतो तेव्हा आत तीच कमांड चालते. म्हणजे खरे लिनक्स टर्मिनलमध्येच आहे आणि डेस्कटॉप हे नुसते वरचे रंगकाम आहे. हे खरे मानावे का? (निवृत्त बँक अधिकारी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे काही ठिकाणी अक्षरशः खरे आहे, परंतु बहुतेक ठिकाणी ते खरे नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

फोल्डर उघडण्याचे साधे उदाहरण घ्या. टर्मिनलमध्ये त्यासाठी 'एलएस' ही कमांड देतात. ही कमांड म्हणजे डिस्कवर असलेला एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम असतो, तो कर्नलकडे म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे 'या फोल्डरमध्ये काय काय आहे' अशी विचारणा करतो आणि मिळालेली यादी अक्षरांत मांडतो. आपण फोल्डरवर क्लिक करता तेव्हा फाइल मॅनेजर हा प्रोग्राम तीच विचारणा थेट कर्नलकडे करतो आणि मिळालेली यादी चित्रांत मांडतो. त्याला 'एलएस'ची गरज पडत नाही. ती कमांड यंत्रावरून काढून टाकली तरी आपले फोल्डर उघडत राहील. ठाणे स्थानकावर तिकीट खिडकी आहे आणि एटीव्हीएम यंत्रही आहे. दोन्हीकडचे तिकीट रेल्वेच्या एकाच यंत्रणेतून निघते, पण खिडकीतला कारकून आपल्यासाठी एटीव्हीएमपाशी जाऊन बटणे दाबत नाही. टर्मिनल आणि डेस्कटॉप यांचे नाते बरेचसे याच प्रकारचे आहे.

हे स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर टर्मिनल उघडून 'एनएमसीएलआय मॉनिटर' ही कमांड द्यावी आणि ती चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यातून माउसने वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावे. आपण केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद टर्मिनलमध्ये ओळीने उमटताना दिसेल. वाय-फायचे काम मागे सतत चालू असणारी नेटवर्कमॅनेजर ही सेवा पाहते. कोपऱ्यातले चिन्ह आणि 'एनएमसीएलआय' ही कमांड हे दोघेही तिचे ग्राहक असून डीबस नावाच्या एकाच संदेशमार्गाने तिच्याशी बोलतात. म्हणूनच एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लगेच कळतो.

याच कारणाने कधीकधी दोघांची टक्करही होते. डेबियनच्या ग्नोम डेस्कटॉपवर 'सॉफ्टवेअर' या खिडकीतून अपडेट चालू असताना भाच्याने टर्मिनलमध्ये प्रोग्राम बसवण्यासाठी 'अ‍ॅप्ट' चालवले, तर कुलूप मिळत नसल्याचा संदेश येतो आणि काम अडते किंवा थांबून राहते. खिडकी पॅकेजकिट नावाच्या सेवेमार्फत आणि 'अ‍ॅप्ट' स्वतः, अशा दोन वाटांनी दोघेही पॅकेजांच्या म्हणजे बसवलेल्या प्रोग्रामांच्या एकाच नोंदवहीपाशी पोहोचलेले असतात, आणि ती नोंदवही एका वेळी एकालाच लिहू देते. अशा वेळी कुलपाची फाइल खोडून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिलेला आढळतो. तो मानू नये, पहिले काम पूर्ण होऊ द्यावे. पासवर्डचेही असेच आहे. टर्मिनलमध्ये तो प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारे 'सुडो' विचारते, तर डेस्कटॉपवर अचानक उघडणारी पासवर्डची खिडकी बहुधा पोलकिट या वेगळ्या व्यवस्थेची असते.

आता भाच्याची बाजू. मेनूमधील प्रत्येक चिन्हामागे एक साधी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात 'एक्झेक' या शब्दाने सुरू होणारी ओळ असते. त्या ओळीत कमांडच लिहिलेली असते, म्हणजे प्रोग्राम सुरू करण्यापुरते भाच्याचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. याचा एक उपयोग असा, की चिन्हावर क्लिक करूनही एखादा प्रोग्राम उघडत नसेल, तर त्याचे नाव टर्मिनलमध्ये टंकून पाहावे. क्लिक करताना जी तक्रार कोठेच दिसत नाही, ती तेथे वाचता येते. डिस्कचे विभाग करणारा जीपार्टेड हा प्रोग्रामही बऱ्याच कामांसाठी खरोखरच पडद्यामागे कमांड चालवतो आणि त्या कोणत्या, हे तपशिलाच्या भागात प्रामाणिकपणे दाखवतो. सीडी लिहिणारा केथ्रीबीही आतून 'सीडीरेकॉर्ड'सारख्या कमांडींवर अवलंबून असे.

भाच्याची समजूत कशातून आली असावी, याचा अंदाज करता येतो. १९९१मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला, तेव्हा आजच्या अर्थाचा संपूर्ण डेस्कटॉप त्याच्यासाठी नव्हता. पडद्यावर खिडक्या काढून देणारी एक्स ही व्यवस्था एमआयटीत १९८४पासून तयार होत आली होती. परंतु मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज असा एकसंध संसार उभा करण्याचे काम केडीईने १९९६मध्ये आणि ग्नोमने १९९७मध्ये हाती घेतले. त्या काळात कमांड आधीपासून होत्या आणि खिडक्या नंतर आल्या, त्यामुळे पुष्कळशा खिडक्या म्हणजे कमांडींवर चढवलेली बटणेच होती. पुढे डीबससारखे संदेशमार्ग आणि सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रामांना वापरता येणारे तयार भाग) आल्या, तसतशी खिडक्यांना कमांडींची गरज कमी होत गेली. डेस्कटॉप काढून टाकला तरी कमांड चालतात, हे भाचा सांगेल आणि ते खरेही आहे. सर्व्हर तसेच चालवतात. पण तेवढ्यावरून क्लिकच्या आत कमांड असते, असे सिद्ध होत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला अवश्य विचारा. त्याची ती काळी खिडकी कोण काढते? तीही डेस्कटॉपवर चालणारा एक चित्रमय प्रोग्रामच आहे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने १९७८मध्ये बाजारात आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या घराण्याची नक्कल ती खिडकी करते आणि तिच्या आत टंकलेली कमांड वाचून चालवणारे बॅश हे शेल बसलेले असते. फाइल मॅनेजर आणि 'एलएस' हे दोघेही कर्नलच्या बाहेर, एकाच पायरीवर उभे आहेत. कोणी अधिक 'खरे' नाही.

प्रश्न : मी ग्नोम सोडून एक्सएफसीई वापरू लागले. पूर्वी वहीत उतरवून ठेवलेल्या काही कमांड आता निरुपयोगी ठरत आहेत. वॉलपेपर बदलण्याची कमांड कोणतीही चूक दाखवत नाही, पण चित्र मात्र बदलत नाही. कमांड तर डेस्कटॉपवर अवलंबून नसतात ना? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : पुष्कळशा नसतात, काही असतात, आणि वहीत उतरवून घेताना नेमका हाच भेद निसटतो. फाइल नकलण्याची 'सीपी', सेवा चालू-बंद करण्याची 'सिस्टिमसीटीएल', पॅकेज बसवण्याची 'अ‍ॅप्ट' यांना पडद्यावर कोणता डेस्कटॉप आहे याच्याशी कर्तव्य नाही. वॉलपेपर, फाँट, चिन्हांचा आकार या गोष्टी मात्र डेस्कटॉपच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत. खाली कर्नलला वॉलपेपर ठाऊकच नाही. त्यामुळे तेथे कमांड हीच डेस्कटॉपची हस्तक ठरते, म्हणजे नाते वरच्या प्रश्नातील भाच्याच्या म्हणण्याच्या बरोबर उलट होते.

आपली कमांड बहुधा 'जीसेटिंग्ज' असावी. ती डीकॉन्फ नावाच्या साठ्यात एक नोंद करते आणि ती नोंद बदलली की ग्नोमचे भाग ती वाचून चित्र बदलतात. एक्सएफसीईवरही ही कमांड आपले काम चोख करते, नोंद होते, म्हणून चूक दाखवली जात नाही. फक्त ती नोंद वाचणारे तेथे कोणी नसते, कारण एक्सएफसीई आपल्या नोंदी एक्सएफकॉन्फ या वेगळ्या साठ्यात ठेवते आणि त्यासाठी 'एक्सएफकॉन्फ-क्वेरी' ही कमांड आहे. केडीईची व्यवस्था आणखी तिसरी आहे. माझ्या मते चूक दाखवून थांबणारी कमांड परवडली; काहीच न बोलता निष्फळ ठरणारी कमांड माणसाची संपूर्ण संध्याकाळ खाते.

याला जोडून आणखी एक अडचण येते. पडद्याचे रिझोल्यूशन बदलणारी 'एक्सरँडआर' ही कमांड एक्स या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेली आहे. आता ग्नोम आणि केडीई बहुतेक ठिकाणी वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर चालतात आणि तेथे तिला खऱ्या पडद्यापर्यंत हात पोहोचवता येत नाही. म्हणून वहीतल्या प्रत्येक कमांडपुढे ती कोणत्या डेस्कटॉपवर आणि कोणत्या पडदा-व्यवस्थेवर चालवली होती, हे लिहून ठेवावे. ग्नोममध्ये ही माहिती सेटिंग्जमधील 'अबाउट' या भागात मिळते.

डेस्कटॉप बदलला तरी टिकणारी कमांड हवी असेल, तर 'एक्सडीजी-ओपन' शिकून घ्यावी. तिच्यापुढे फाइलचे नाव दिले, की त्या डेस्कटॉपवर ती फाइल ज्या प्रोग्राममध्ये उघडायची ठरलेली असेल त्यात ती उघडते. निरनिराळ्या डेस्कटॉपांनी किमान काही बाबतींत एकमेकांशी जुळवून घ्यावे म्हणून २०००मध्ये फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या छत्राखाली ही कमांड तयार झाली आहे.

प्रश्न : डीटीपीच्या कामाच्या जुन्या फाइल मी टर्मिनलमधून 'आरएम' ही कमांड देऊन काढल्या. त्यांपैकी एक परत हवी आहे, पण कचरापेटी रिकामी आहे. दुसरे असे, की पेनड्राइव्हवरच्या फाइल माउसने काढूनही जागा मोकळी होत नाही. हे परस्परविरोधी कसे? (मुद्रण व्यावसायिक, कळवा)

उत्तर : दोन्ही घटना एकाच कारणाने घडतात, ते म्हणजे कचरापेटी ही कर्नलची सोय नसून डेस्कटॉपने पाळलेली प्रथा आहे.

फाइल मॅनेजरमध्ये आपण 'डिलीट' हे बटण दाबता तेव्हा फाइल पुसली जात नाही. आपल्या होम फोल्डरमधील 'लोकल' नावाच्या लपलेल्या फोल्डरात, 'शेअर'च्या आत, 'ट्रॅश' असा फोल्डर असतो. फाइल उचलून तेथे ठेवली जाते आणि ती मुळात कोठे होती व केव्हा काढली, याची चिठ्ठी शेजारी लिहिली जाते. परत आणण्याचे काम त्या चिठ्ठीवरून होते. 'आरएम' या प्रथेच्या कित्येक वर्षे आधीची आहे, तिला कचरापेटी माहीतच नाही. ती थेट कर्नलला फाइलचे नाव काढून टाकायला सांगते. टर्मिनलमधूनच पण कचरापेटीत टाकायचे असेल, तर ग्नोमबरोबर येणारी 'जिओ ट्रॅश' ही कमांड वापरावी.

पेनड्राइव्हवर काढलेली फाइल बहुधा त्याच पेनड्राइव्हवरील एका लपलेल्या फोल्डरात जाते, कारण ती घरच्या डिस्कवर हलवायची म्हणजे संपूर्ण नक्कल करावी लागेल. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली, की टिंबापासून सुरू होणारा 'ट्रॅश-१०००' असा फोल्डर दिसेल. १००० हा यंत्रावरील पहिल्या वापरकर्त्याचा नेहमीचा क्रमांक असतो. पेनड्राइव्ह लावलेला असताना कचरापेटी रिकामी केली, की जागा मोकळी होते. ग्राहकाच्या मजकुराचा पेनड्राइव्ह परत देताना हे विसरू नये, कारण आपण 'काढलेली' दुसऱ्या ग्राहकाची फाइल त्यात तशीच बसलेली असते.

'आरएम'ने गेलेल्या फाइलबाबत फार आशा देता येत नाही. ती डिस्क वापरणे ताबडतोब थांबवावे, दुसऱ्या डिस्कवरून यंत्र सुरू करावे आणि 'फोटोरेक'सारख्या साधनाने पाहावे. ते फाइल तिच्या आतील रचनेवरून शोधते, त्यामुळे मिळाली तरी नाव मिळत नाही. डिस्क एसएसडी असेल, तर शक्यता आणखी कमी.

प्रश्न : मधूनच पडदा गोठतो. माउस हलत नाही. पॉवरचे बटण दाबून ठेवण्याशिवाय दुसरा उपाय आहे का? (ज्येष्ठ नागरिक, वाशी)

उत्तर : आहे. पुष्कळदा गोठलेला असतो तो फक्त डेस्कटॉप, आणि खाली यंत्र व्यवस्थित चालू असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबावीत. खिडक्या नसलेला, केवळ अक्षरांचा पडदा उघडेल. तेथे नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टंकताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्याने गोंधळू नये. मग 'टॉप' ही कमांड दिली, की कोणता प्रोग्राम यंत्राला दमवत आहे हे दिसते. त्याचा क्रमांक टिपून, क्यू दाबून बाहेर पडावे आणि 'किल' या कमांडपुढे तो क्रमांक द्यावा. नंतर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून परत जाता येते. काही ठिकाणी एफ१ किंवा एफ७ लागते. एवढ्याने सुटले नाही, तर 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर' देऊन डेस्कटॉप नव्याने सुरू करता येतो, मात्र उघड्या खिडक्यांतील न साठवलेले काम जाते. बटणांना काहीच प्रतिसाद नसेल, तर बिघाड अधिक खोल आहे आणि पॉवरचे बटणच दाबावे लागेल.

प्रश्न : 'परवानगी नाही' असे आले, की मी संपूर्ण फाइल मॅनेजरच 'सुडो' लावून उघडतो. काही हरकत? (खारघर)

उत्तर : हरकत आहे. त्या खिडकीतून तयार झालेल्या फाइल आणि सेटिंग्ज 'रूट'च्या म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीच्या होऊ शकतात आणि मग आपलेच फोल्डर आपल्याला अडवू लागते. एका फाइलपुरते काम असेल, तर तेवढ्यापुरती कमांड द्यावी.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करून फाइलना मराठी नावे दिली आहेत. डेस्कटॉपवर नावे सुबक दिसतात, टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरे फुटतात आणि मात्रा भलतीकडे जातात. शिवाय विंडोजवर दिलेली काही लांब नावे लिनक्सवर नकलताना नाकारली जातात. फाइल बिघडत तर नाहीत ना? (ग्रंथालय कार्यकर्त्या, ठाणे)

उत्तर : फाइल बिघडत नाहीत. आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; पहिली केवळ दिसण्याची आहे, दुसरी खरी आहे.

टर्मिनलची खिडकी चौकटींच्या जाळीवर आखलेली असते आणि एका चौकटीत एक अक्षर, या इंग्रजीला सोयीच्या हिशेबाने चालते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि तीन-तीन चिन्हे मिळून एक जोडाक्षर होते, त्यामुळे हा हिशेब कोलमडतो. फाइल मॅनेजरला अशी जाळी पाळायची नसते. तो अक्षरजोडणी हार्फबझसारख्या लायब्ररीकडून करून घेतो. टर्मिनलच्या प्रोग्रामांतही फरक आहे, म्हणून एकात फुटलेले नाव दुसऱ्यात बरे दिसू शकते.

लांब नावांची गोष्ट कर्नलच्या बाजूची आहे. लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट४ या डिस्कवर फाइल मांडण्याच्या रचनेत फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते, आणि अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे नावात फार तर ८५ चिन्हे बसतील, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे : 'ग्रंथसंग्रहालय' या शब्दात आपल्याला ७ अक्षरे दिसत असली, तरी हलन्त, अनुस्वार आणि काना वेगळे धरून चिन्हे १४ होतात आणि बाइट ४२. विंडोजच्या रचनेत मर्यादा चिन्हांच्या हिशेबाने २५५ आहे, म्हणून तेथे चाललेले नाव येथे नाकारले जाते. 'सीपी' देऊन पाहा किंवा माउसने ओढून पाहा, नकार दोन्हीकडे सारखाच मिळेल, कारण तो खालून येतो.

आपल्यासारख्या कामात याहून त्रासदायक ठरू शकते ते 'ऱ'. 'दुसऱ्या' या शब्दातील हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन चिन्हांनीही. दिसायला दोन्ही सारखी, पण कर्नल नावाचा अर्थ पाहत नाही, फक्त बाइट जुळवतो. त्यामुळे एकाच फोल्डरात हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाइल राहू शकतात आणि डोळ्यांना दिसणारे नाव टंकूनही टर्मिनल 'अशी फाइल नाही' असे म्हणू शकते. सर्व कार्यकर्त्यांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरावी, शक्यतो इनस्क्रिप्ट.

मराठी नावे टर्मिनलमध्ये टंकण्याचा हट्ट मुळात धरूच नये. कमांड लिहून एक मोकळी जागा सोडावी आणि फाइल मॅनेजरमधील फाइल माउसने उचलून टर्मिनलच्या खिडकीवर सोडावी. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांसह आपोआप लिहिला जातो, आणि 'ऱ' कोणत्या पद्धतीचा आहे याचीही चिंता उरत नाही. यापुढच्या स्कॅनना नाव देताना आरंभी वर्ष इंग्रजी अंकांत लिहावे, कारण त्या अंकाला एकच बाइट लागतो आणि यादीही वर्षवार लागते. त्यापुढे अंकाचे नाव, आणि संपादक व अनुक्रमणिका यांचा तपशील नावात न कोंबता वेगळ्या तक्त्यात ठेवावा.